ओव्हन, निखारे आणि धोंडस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. आपल्या चिटणीसबाई महिन्यापूर्वी घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही हल्ली केक, बिस्किटे, पुडिंगे काय काय करता, त्यावर अर्धा तास बोला." मी म्हटले, "बोलण्यापेक्षा मी दोन केक करून आणते, ते सोपे." त्यावर त्या म्हणाल्या, "दोन्ही आणा." तेव्हा दोन्ही आणले आहे. खावयाचे मागच्या टेबलावर झाकून ठेवले आहे. ते आधी दिले असते तर माझे भाषण कोणी ऐकले नसते, एवढे मला कळते.

माझा हा उद्योग सुरू झाला तो २०२० च्या टाळेबंदीत. माझी लेक मेलबर्नला असते. आदल्या वर्षी ती आली होती तेव्हा हौसेने एक विजेचा ओव्हन घेऊन ठेवून गेली. तो आमच्या स्वयंपाकघरात वर्षभर होता, आणि त्याचा उपयोग म्हणाल तर त्याच्यावर लोणच्याची बरणी ठेवण्यास छान जागा झाली होती. मग टाळेबंदी आली. लेकीचे येणे रद्द झाले. नातवाचा वाढदिवस तिकडे आणि आम्ही इकडे. ती म्हणाली, "आई, मी येथे करते तोच केक तू तेथे कर, म्हणजे एकाच दिवशी एकच जिन्नस खाल्ल्यासारखे होईल." तिने फोनवर कृती सांगितली, मी वहीत लिहून घेतली. त्या वहीला आता तीन जोडवह्या झाल्या आहेत. लिंबाचा टार्ट, गाजराचा केक, ब्रेड-पुडिंग, चीजकेक, नाना प्रकार तीत आहेत. पण पहिल्या वर्षी त्यांतले निम्म्याहून अधिक बिघडले. आज मी बोलणार आहे ते मुख्यत्वे बिघडलेल्या पदार्थांविषयी. साधलेल्या पदार्थाने मला फारसे काही शिकविले नाही.

पहिल्याच केकची गोष्ट सांगते. कृतीत 'सेल्फ रेझिंग फ्लोअर' दोन कप, असे होते. मला वाटले, ते तिकडच्या एखाद्या गिरणीचे नाव असावे. आपण नाही का, अमक्या छापाचा रवा म्हणतो! मी आपला साधा मैदा घेतला. चाळला, फेटला, सारे यथासांग केले. पाऊण तासाने जे बाहेर आले ते सुरीला दाद देईना. यजमान म्हणाले, "हा केक नव्हे, पाटा आहे." मागाहून कळले की त्या पिठात फुगण्याची पावडर आधीच मिसळलेली असते. आपल्याकडे ते पीठ सहसा मिळत नाही, पण अडत नाही. एक कप मैद्याला दोन सपाट लहान चमचे बेकिंग पावडर घालून तीन वेळा चाळावे, की ते पीठ घरीच झाले.

मग चमच्यांचा घोळ. आपण चमचा म्हणतो तेव्हा कोणता चमचा, हे आपल्यालाच ठाऊक नसते. मसाल्याच्या डब्यातला वेगळा, साखरेच्या डब्यातला वेगळा, आणि औषधाचा तर तिसराच. म्हणून मी मापाचे चमचे आणविले. मोठा चमचा पंधरा मिलिलिटरचा. तरी लेकीचा आणि माझा पदार्थ जुळेना. शेवटी उलगडा झाला तो असा की, ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा वीस मिलिलिटरचा असतो! इतर बहुतेक ठिकाणी तो पंधराचा. म्हणजे चार चमचे सांगितले की मी खरोखर तीनच घालत होते. कपाचेही तसेच. तिकडचा कप अडीचशे मिलिलिटरचा, अमेरिकेतला त्याहून किंचित लहान, आणि आपली आमटीची वाटी तर ज्या त्या घरची वेगळी. एवढे झाल्यावर मी वजनकाटा घेतला. तळहाताएवढा आहे, किंमत फार नाही. ओव्हन नसला तरी चालेल, पण काटा घ्या, असे मी सर्वांना सांगते. काट्याला सासर-माहेर नाही. शंभर ग्रॅम म्हणजे मेलबर्नलाही शंभर आणि मिरकरवाड्यातही शंभरच.

काट्याने मापे जुळली, पण हवा जुळेना. कृतीत लिहिलेले असते, 'लोणी खोलीच्या तापमानास आणावे.' ज्या बाईने ते लिहिले तिची खोली वीस अंशांची. आपली वैशाखातली खोली तेहतीस अंशांची, आणि घाम येतो तो निराळाच. लोणी बाहेर काढून ठेवले आणि दाराशी आलेल्या भाजीवालीशी दोन शब्द बोलून परत आले, तो त्याचे तेल झालेले. लोणी आणि साखर फेटतात ती लोण्यात हवा कोंडावी म्हणून. लोणी पातळ झाले की हवा राहत नाही आणि केक दडस होतो. आता मी लोणी फ्रीजमधून काढून पाच-सात मिनिटांतच फेटावयास घेते, आणि भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवते. घरी काढलेले लोणी वापरीत असाल तर आणखी एक ध्यानात असू द्या. त्यात ताकाचा अंश आणि पाणी बरेच असते. ते चांगले धुऊन, दाबून पाणी काढून मग तोलावे.

आणि पाऊस! आपल्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आषाढात मिठाच्या बरणीत आपण तांदळाचे दाणे टाकतो, पापडाचे डबे उघडीत नाही, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. अशा आषाढात मी 'पॅव्हलोव्हा' करावयास बसले. हा पदार्थ ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन देशांत फार आवडीचा. ॲना पॅव्हलोव्हा नावाची रशियन नर्तकी १९२६ साली तिकडे दौऱ्यावर गेली होती, तिचे नाव त्याला दिलेले. तो मूळचा कोणाचा यावरून दोन्ही देशांत अजून वाद आहे. आपल्याकडे उकडीच्या मोदकाला पाकळ्या किती असाव्यात यावरून घराघरांत असतो तसाच. अंड्यातला पांढरा बलक साखरेबरोबर फेटून त्याचा ढग करावयाचा, अगदी मंद आचेवर तासाहून अधिक वेळ वाळू द्यावयाचा, आणि वर साय व फळे घालावयाची. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. माझा ओव्हनमधून निघाला तेव्हा दिसत होता राजहंसासारखा. अर्ध्या तासात त्याच्या अंगावर पिवळसर थेंब जमू लागले, आणि तासाभराने तो बशीत बसला. साखर हवेतले पाणी ओढून घेते, आणि आपल्या आषाढात हवेत पाण्यावाचून दुसरे असते काय?

सासूबाई माजघराच्या दाराशी पाट टाकून बसल्या होत्या. त्यांनी डोळे बारीक करून बघितले आणि म्हणाल्या, "अगो, ह्याला तर पाझर फुटला!"

या माझ्या सासूबाईंविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळ जणींनी त्यांना पाहिलेले आहे. त्या वेळी त्यांचे वय सत्त्याऐंशी होते. नजर अधू झाली होती, आणि दोन-तीन वर्षांपासून विसरणेही सुरू झाले होते. सकाळी जेवण झाले की नाही हे दुपारी आठवत नसे. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नात पंगतीला कोण कोठे बसले होते ते सांगत. माझ्या ओव्हनच्या उद्योगाकडे त्या आरंभी कौतुकाने पाहत नव्हत्या, रागानेही नव्हे. 'विजेवर भाजते, भाजो बापडी,' असा त्यांचा भाव. मीही त्यांना काही विचारीत नसे. केकातले त्यांना काय कळणार, असे माझ्या मनात होते. हे आज चार बायकांत सांगावयास बरे वाटत नाही, पण तसे होते खरे.

एकदा एक केक वरून काळा झाला आणि आत कच्चा राहिला. आच कमी केली, वेळ वाढवला, तरी तेच. मी कंटाळून डबा ओट्यावर आपटला, तेव्हा त्या दारातून म्हणाल्या, "निखारा फार जवळ आलाय त्याच्या डोक्याशी. झाकण किती उंच आहे?" मी म्हटले, "आई, ह्याला झाकण नसते, निखाराही नसतो." त्या म्हणाल्या, "मग वरून लाल कशाने झाला?" मी ओव्हन उघडून पाहिला. डबा मी वरच्या जाळीवर ठेवीत होते. वरची तार त्याच्यापासून चार बोटे! खालच्या जाळीवर ठेवला आणि केक नीट झाला. ओव्हन म्हणजे काय हे ज्यांनी कधी हात लावून पाहिले नव्हते, त्यांना वरची आच आणि खालची आच यांचे गणित माझ्याहून चांगले ठाऊक होते.

त्याच श्रावणात एका संध्याकाळी आणखी एक प्रकार घडला. पाहुणे यावयाचे होते. केक ओव्हनमध्ये ठेवून वीस मिनिटे झाली, आणि वीज गेली. पाऊस असा की लवकर येण्याचे लक्षण नाही. अर्धा भाजलेला केक थंड झाला की संपलाच. माझे तोंड पाहून सासूबाई उठल्या. न्हाणीतल्या चुलीत पाणी तापविल्यावर करवंट्यांचे निखारे शिल्लक होते. त्यांनी जाड बुडाचे पितळी पातेले मागितले, तळाशी वाळूचा थर देवविला, त्यावर डबा ठेवविला, वर सपाट ताट झाकविले. चार निखारे खाली, आणि ताटावर त्याच्या दुप्पट. "खालचा जाळ वाफेपुरता. भाजतो तो वरचा," म्हणाल्या. मधून मधून ताटावर हात धरून पाहत आणि एखादा निखारा चिमट्याने बाजूला सारीत. पस्तीस मिनिटांनी केक उतरला. मधोमध किंचित खचला होता, ते कबूल केले पाहिजे. पण आतपर्यंत भाजला होता, आणि त्याला करवंटीच्या धुराचा जो मंद वास आला होता तो मला विजेवर पुन्हा कधी साधला नाही. मी म्हटले, "आई, तुम्ही हे कोठे शिकलात?" त्या म्हणाल्या, "शिकायचे काय त्यात? धोंडस नाही का करीत आपण?"

भगिनींनो, तेव्हा कोठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्यातल्या काही जणी मला म्हणतात, "हे केक-बिक आपले नव्हेत हो." आणि आपल्या सुना-मुली म्हणतात, "धोंडस? ते आजीचे काहीतरी असते ते ना?" दोघींनाही मी सांगते की धोंडस हा केकच आहे. तांदळाचा रवा, तवशाचा कीस, गूळ आणि ओले खोबरे एकत्र शिजवून, पातेल्यात थापून, वर-खाली निखारे ठेवून भाजतात ते काय मग? गोव्याकडे आणि मालवणाकडे यालाच तवसळी म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर ही विद्या जुनीच आहे. गोव्यातला बेबिंका घ्या. नारळाचे दूध, अंड्याचे पिवळे बलक, साखर आणि मैदा यांचे एकावर एक थर, आणि प्रत्येक थर वरच्या आचेवर भाजल्यावाचून दुसरा ओतावयाचा नाही. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मुंबईच्या पाठारे प्रभू मंडळींचे भानोले तसेच, वर-खाली विस्तव ठेवून भाजलेले. ओव्हन आपल्याकडे नव्हता असे नव्हे. आपला ओव्हन दर वेळी मांडावा आणि मोडावा लागे, इतकेच.

माझे माहेर चिपळूणचे. लहानपणी दिवाळीच्या आधी आम्ही मुले नानकटाईचे पत्रे घेऊन बेकरीत जात असू. तूप, पिठीसाखर, मैदा घरचा, वळलेलेही घरी. फक्त भाजावयाचे भट्टीत. पत्र्यावर खडूने आकडा घालीत, आणि आपला आकडा येईपर्यंत तेथे उभे राहावयाचे. तो वास अजून नाकात आहे. याच घरात माझी आजी बेकरीचा पाव मात्र शिवत नसे. पावात पाणी, नानकटाईत पाणी नाही, नुसते तूप, म्हणून चालते, असा तिचा न्याय. दशमी दुधात भिजविली की प्रवासात चालते, त्यातलाच हा प्रकार. आज हसू येते. पण भट्टीच्या पदार्थांशी आणि परक्याच्या हातच्या खाण्याशी एके काळी केवढी मोठी भानगड निगडित होती ते विसरू नये. आपल्या रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक, आणि न्यायमूर्ती रानडे, यांच्यासारख्यांना १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. आणि पुढे १९३१ साली याच गावात पतितपावन मंदिर उभे राहिले, येथे सहभोजने झाली. आपण आज एका टेबलावरचा केक कोणाच्या हातचा हे न विचारता खातो, ते आपोआप झालेले नाही. असो. विषय लांबला.

मी धोंडसाकडे वळले. वळले म्हणजे काय, मला ते येतच नव्हते. सासूबाईंचे धोंडस आळीत नावाजलेले. भाद्रपदात तवशी जून झाली की चार घरी डबे जात. चाळीस वर्षे मी ते खाल्ले, खवणीवर खोबरे खवून दिले, वेलची कुटून दिली. कृती कधी विचारली नाही. त्या आहेतच, मग विचारावयाचे कशाला? आणि आता त्या विसरू लागल्या होत्या.

मी पुस्तके पाहिली. मराठीत पाकशास्त्राची पुस्तके काही कालची नाहीत. 'सूपशास्त्र' १८७५ साली छापले गेले. ते रामचंद्र सखाराम गुप्ते या पुरुषाने लिहिले, हे आपण बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र', ज्यात हजार पाकक्रिया आहेत, ते १९१० चे. आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' आले, ते तर माझ्या लग्नात मला आहेर म्हणून मिळाले. कमलाबाईंचे उपकार असे की त्यांनी वाटी आणि चमचा यांचे माप धरून लिहिले. 'अंदाजाने घालावे' या एका वाक्याने आपल्या किती नव्या सुनांना रडविले आहे! पण पुस्तकातले धोंडस पुस्तकातल्या बाईचे. मला आमच्या घरचे हवे होते.

तेव्हा मी काटा घेऊन सासूबाईंच्या शेजारी बसले. त्यांनी मूठ भरली की म्हणे, "आई, थांबा, आधी येथे टाका." पहिल्या दिवशी त्या वैतागल्या. "मी काय सोने विकते आहे?" म्हणाल्या. तरी टाकले. रवा त्यांच्या ठरलेल्या वाटीने दोन वाट्या, तो दर वेळी अडीचशे ग्रॅमच भरला. पण बाकीचे? पहिल्या खेपेस तवशाचा कीस पाचशे ऐंशी ग्रॅम, गूळ दोनशे तीस. दुसऱ्या खेपेस कीस सातशे दहा, गूळ दोनशे पंचाहत्तर. मला वाटले, वयोमानाने हात चुकतो आहे. तसे मी बोलूनही दाखविले. त्या काही बोलल्या नाहीत; किसाची चिमूट माझ्या तळहातावर ठेवली आणि मूठ आवळावयास सांगितली. बोटांतून पाणी निथळले नाही. "हे तवसे फार जून आहे. पाणी कमी म्हणून कीस जास्त. मागचे कोवळट होते." रवा फुलावयास पाणी लागते ते सारे तवशाचे, वरून पाणी घालावयाचे नाही, हा त्यांचा नियम. म्हणजे हात चुकला नव्हता, तवसे बदलले होते. माझा काटा बरोबर वजन सांगत होता आणि तरी त्याला काही कळले नव्हते.

तिसऱ्या खेपेस, नवरात्राच्या आधी, मीठ घातले का, असे त्यांनी मला चार वेळा विचारले. रवा भाजता भाजता त्यांचा हात थांबला, आणि त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "हे कशासाठी गो करतो आहोत?" मी सांगितले. त्या "बरं" म्हणाल्या, पण उलथने हातात तसेच राहिले. मी गॅस बारीक केला. दुसऱ्या शेगडीवर गूळ विरघळत होता, त्याचा वास आला, आणि हात आपला आपण पुन्हा फिरू लागला. त्या दिवशीचा कीस सहाशे चाळीस आणि गूळ अडीचशे. त्यानंतर त्यांनी स्वतः धोंडस केले नाही. गेल्या मार्गशीर्षात त्या गेल्या.

आता कृती सांगते. ज्यांना लिहून घ्यावयाची आहे त्यांनी घ्यावी.

तांदळाचा जाडसर रवा अडीचशे ग्रॅम. तांदूळ धुऊन, वाळवून, दळून आणलेला असेल तर उत्तम. नाहीतर इडली रवा चालतो. जून तवसे घ्यावे. देठाकडचा तुकडा कापून आधी चाखावा; कडू असेल तर सारे टाकून द्यावे, गुळाने कडूपणा झाकत नाही. बिया व मधला मऊ गर काढून, किसून, पाण्यासकट कीस सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम. मूठ आवळल्यावर पाणी निथळले नाही तर आणखी पन्नास ग्रॅम. गूळ अडीचशे, ओले खोबरे शंभर, तूप पन्नास ग्रॅम, पाव चमचा हळद, अर्धा चमचा मीठ, वेलचीची पूड, आणि हवे तर काजूचे तुकडे. रवा थोड्या तुपावर मंद आचेवर भाजावा. तांबूस करू नये, खमंग वास सुटला की पुरे. कीस, गूळ, मीठ आणि हळद एकत्र तापवून गूळ विरघळला की त्यात रवा वैरावा, खोबरे घालावे, आणि झाकण ठेवून घट्ट होईपर्यंत शिजवावे. मग तूप लावलेल्या डब्यात, खाली हळदीचे किंवा केळीचे पान घालून, थापावे. ओव्हनमध्ये खालच्या जाळीवर, एकशे ऐंशी अंशांवर, पाऊण तास. कडा सुटून वर बदामी रंग आला की झाले. कापावयाचे मात्र पुरते निवाल्यावर. सासूबाई दुसऱ्या दिवशी कापीत. ओव्हन नसेल तर पितळी पातेले, वाळू आणि निखारे. गॅसवर करणाऱ्यांनी कुकरची शिटी आणि रबर काढून, तळाशी मीठ किंवा वाळू घालून, त्यात डबा ठेवावा. वरचा रंग येत नाही, पण चव येते.

परक्या कृतींविषयी एक-दोन गोष्टी राहिल्या. त्यांतल्या फळांसाठी अडून बसू नये. आंबट-गोड रास्पबेरीच्या जागी मी कोकमाचे आगळ साखरेत आटवून घालते, आणि करवंदाच्या दिवसांत करवंदे. बदामाच्या पुडीऐवजी आपले काजू; मात्र काजू दळताना तेल सुटते, म्हणून चमचाभर साखरेबरोबर थांबून थांबून दळावे. हापूस केकात घालून भाजू नये, असे माझे मत आहे. रसातल्या पाण्याने केक ओला राहतो आणि सुगंध ओव्हनच्या धुराड्यातून शेजाऱ्यांकडे जातो. घालावयाचाच तर आटवलेला रस घालावा, आणि ताजा वर मांडावा. अंडे न खाणाऱ्यांसाठी दही आणि खाण्याचा सोडा यांवर चांगला केक होतो. सोडा दह्यात पडला की फसफसतो तेवढ्यात पीठ डब्यात घालून ओव्हनमध्ये गेले पाहिजे. मध्ये फोन घेऊ नये. आणि तो पॅव्हलोव्हा मी पुन्हा केला, पण मार्गशीर्षात, कोरड्या हवेत. वर फेटलेली साय, सीताफळाचा गर आणि कोकमाचा पाक. लेकीने फोनवर पाहिला आणि म्हणाली, "आई, हा माझ्याहून चांगला झाला." तो खरोखरच झाला होता.

लेकीनेही यंदा तिकडे धोंडस केले. तवसे मिळेना, म्हणून तिकडची लांब हिरवी काकडी घेतली. ती कोवळी, पाणी फार. तिने फोन करून विचारले, "आई, कीस किती?" मी म्हटले, "मूठ आवळून पाहा."

मागच्या टेबलावर डाव्या हाताच्या ताटात धोंडस आहे, त्यात अंडे नाही. उजवीकडे गाजराचा केक आहे, त्यात अंडे आहे. ताट बदलू नये म्हणून चिठ्ठ्या लावल्या आहेत. ज्यांच्या घरी सासूबाई, आई, आजी अजून आपल्या हाताने काही करतात, मग ते सांदण असो, खापरोळी असो वा मणगणे, त्यांना माझा वजनकाटा आठवड्याभरासाठी न्यावयाचा असेल तर खुशाल न्यावा. दुपारी चारनंतर मी घरीच असते.